तुटले तेव्हाची उंची

पंचवीस किलोचा लोखंडी घण पाच फुटांवरून खाली आला, लाकडाच्या मधोमध बसला, वीतभर वर उसळला आणि पुन्हा लाकडावर येऊन गप पडला. लाकूड होतं तसंच होतं.

"गेली मेहनत वाया," बोकारे सर म्हणाले.

"वाया कशी गेली?" देवाजीने विचारलं. "एक चीर नाही पडली. पाहा ना साहेब, हात लावून पाहा."

"तेच तर सांगतोय. तुटायला पाहिजे होतं."

देवाजी इतका वेळ मिशीवरून हात फिरवत होता. तो हात तिथेच थांबला. देवाजी अठ्ठावन्न वर्षांचा होता. बारा वर्षं त्याने उमरेडकडच्या एका गाडी बनवणाऱ्याच्या हाताखाली बैलगाड्यांचे आस घडवले होते आणि पुढची तीस वर्षं लकडगंजातल्या आरामशीनवर काढली होती. या सगळ्या काळात त्याने लोकांना एकच गोष्ट ऐकवली होती, की त्याचं लाकूड तुटत नाही. आज एक शिकलेला माणूस समोर उभा राहून त्याच गोष्टीची तक्रार करत होता.

"मी तुमाले समजलो नाही साहेब," तो म्हणाला. "तुटलं तर पास का?"

बोकारे सर इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मुद्दाम प्रयोगशाळा उघडली होती. सन अठ्ठ्याहत्तरचा तो उन्हाळा इतका कडक होता की दुपारी मशीनला हात लागला तर चटका बसे. सरांनी कपाळ पुसलं आणि समजावून सांगितलं. घण पहिल्यांदा दोन इंचांवरून सोडायचा, मग तीन, मग चार. असं एकेक इंच वाढवत जायचं. ज्या उंचीवर लाकूड तुटेल ती उंची लिहायची. त्यावरून कळतं, की अचानक दणका बसला तर लाकूड किती सोसतं. मशीन पाच फुटांपर्यंतच जाते. पाच फुटांच्या आत लाकूड तुटतंच, असं पुस्तक सांगतं.

"पुस्तकातलं लाकूड ओलं असन," देवाजी म्हणाला. "हे दोन पावसाळे तलावात मुरवलं, मंग तीन वर्षं सावलीत वाळवलं. पुस्तकवाल्याले इतका टाइम कुठं होता?"

"देवाजीभाऊ," मशीनचा दोर ओढणारा लहानू मधेच बोलला. लहानू कॉलेजात शिपाई होता आणि देवाजीच्याच बस्तीत राहत होता. "तीन तुकडे आणले तुमी. एकेकाले एकोणसाठ वेळा घण मारला. म्हणजे एकशे सत्त्याहत्तर वेळा मी हा दोर वढला. माझे हात गेले गा! उद्या सलईचा एक तुकडा घेऊन या. एका ठोक्यात मोकळं."

"माझ्या नावावर सलई?" देवाजी म्हणाला. त्याने हे इतक्या हळू विचारलं की लहानूने दोर खाली ठेवला.

बोकारे सरांनी अहवालात 'तुटले नाही' असं लिहून सही केली. देवाजीने कागद दोन्ही हातांनी घेतला. ऊन होतं म्हणून डोक्याला दुपट्टा बांधला, आणि सायकलवर बसून थेट महापालिकेच्या ऑफिसात ओव्हरसियरकडे गेला. रस्त्यात ओळखीचे तिघे भेटले. तिघांनाही त्याने सायकलवरून उतरून कागद दाखवला.

प्रश्न एका गॅलरीचा होता. इंदोऱ्याच्या बस्तीत एक समाजभवन होतं. भवन म्हणजे एक लांबट खोली. कार्यक्रम असला की आत पुरुष बसत आणि बाया बाहेर खिडक्यांपाशी उभ्या राहत. देवाजीची बायको भीमाबाई अठरा वर्षं अशीच खिडकीपाशी उभी राहिली. घरी आली की म्हणे, "भाषण अर्धंच ऐकू येते. अर्धी गोष्ट ऐकून कोणी शहाणं झालं का? आत वरच्या अंगाले एक गॅलरी करून द्या ना आमाले." देवाजी म्हणे, "करतो ना." लोकांच्या घरांची कामं कधी संपली नाहीत आणि ते 'करतो ना' अठरा वर्षं चाललं. मागच्या सप्टेंबरात भीमाबाई चार दिवसांच्या तापात गेली.

पुढच्याच महिन्यात देवाजीने स्वतःसाठी जपून ठेवलेलं सगळं लाकूड भवनात आणून टाकलं. सात महिने, आरामशीनवरून सुटल्यावर आणि रविवारी दिवसभर, त्याने एकट्याने गॅलरी बांधली. कोणी मदतीला आलं तर त्याला तो प्यायचं पाणी आणायला पाठवी. लांबी चाळीस फूट, चाळीस बायांना बसायला जागा, बाहेरून वेगळा जिना. बुद्धपौर्णिमेला बाया वर बसतील असं त्याने सगळ्या बस्तीला सांगून ठेवलं.

मग ओव्हरसियर बाबनराव आले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. आदल्या वर्षी कुठल्याशा लग्नघरी माळा कोसळला आणि त्यांच्या आधीच्या ओव्हरसियरला घरी बसावं लागलं. तेव्हापासून बाबनराव अंगणातल्या ओट्यावरसुद्धा आधी एक पाय ठेवून पाहत, मग दुसरा. त्यांनी गॅलरीच्या कड्या, म्हणजे फळ्यांखालचे आडवे वासे, पाहिल्या.

"हे साग नाही."

"नाही साहेब. धावडा हाय."

"धावडा? तो तर बैलगाडीच्या आसाले वापरते."

"म्हणूनच तर. साग दिसाले, धावडा सोसाले."

"नुसतं वजन सोसन हो. पण बाया एकदम उठल्या, एकदम बसल्या, कोणी पोर घेऊन धपकन खाली टेकली, तर? त्याले म्हणते अचानक भार. त्याचा रिपोर्ट आणा, मंग मी दाखला देतो."

असं म्हणून त्यांनी जिन्याच्या दाराला कुलूप लावलं होतं. पौर्णिमेपर्यंत दाखला मिळाला नाही तर बाया परत खिडकीपाशी उभ्या राहणार होत्या. पौर्णिमा आता नऊ दिवसांवर होती.

ऑफिसात बाबनरावांनी 'तुटले नाही' लिहिलेला कागद वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

"उंची कुठं हाय?"

"कायची उंची?"

"हा रकाना पाहा. 'नमुना तुटला तेव्हाची घणाची उंची.' इथं आकडा पाहिजे."

"तुटलंच नाही साहेब, तर आकडा कुठून आणू?"

"मंग परीक्षा पुरी नाही झाली. पोरगं पेपर लिहूनच राहिलं, घंटा वाजलीच नाही, तर त्याले पास कसं करू मी?"

"कोरा ठेवा रकाना."

"कोऱ्या रकान्यावर सही करून आधीचा गेला घरी."

"मंग शून्य लिहा."

बाबनरावांनी क्षणभर विचार केला. "शून्य लिहिलं तर शून्य उंचीवर तुटलं असं होते. म्हणजे घण नुसता ठेवला आन् लाकूड मोडलं. चालते का तुमाले?"

देवाजीला ते चालण्यासारखं नव्हतं.

घरी सुनेने, प्रेमिलाने, ताट वाढलं. देवाजीने सगळं सांगितलं. सांगताना 'एकोणसाठ वेळा' हे त्याने चार वेळा सांगितलं.

"मामाजी," प्रेमिला म्हणाली, "तुमाले गॅलरी खुली कराची हाय का लाकडाची तारीफ करून घ्याची हाय?"

"दोन्ही."

"दोन्ही नाही होत. तुकड्याले खालून करवतीनं जराशी खाच मारा. तुटून जाईन. आकडा भेटन."

देवाजी उठला. चौथा तुकडा घेतला, करवत घेतली, आणि अंगणात बसला. अर्धा तास बसला. प्रेमिला खरकटी भांडी घेऊन बाहेर आली तेव्हा करवतीला तेल लावून झालं होतं, तुकडाही पुसून झाला होता, पण खाच कुठेही नव्हती.

"काहून, मामाजी?"

"वर चाळीस बाया बसणार हायेत, पोरी. त्यायच्या खाली हेच लाकूड हाय. त्याच्याबद्दल कागदावर खोटं लिहू? मशीन उंच करू, पण लाकूड हलकं नाही करणार."

मशीन उंच करायची कल्पना बोकारे सरांना इतकी आवडली की देवाजीच चकित झाला. झालं असं होतं, की सरही चार दिवस नीट झोपले नव्हते. पंधरा वर्षं ते मुलांना शिकवत आले होते की पाच फुटांच्या आत लाकूड तुटतंच. आता तुकडा न तुटता परत गेला तर जूनमध्ये मुलांना काय सांगायचं हा प्रश्न होता.

"मशीनच्या वर छताची तुळई आहे," ते म्हणाले. "तिला कप्पी बांधू. उभ्या दांड्यांना पाइप जोडू. अकरा फुटांपर्यंत जाता येईल."

"सर, पडन गा काही," लहानू म्हणाला.

"काय पडेल? इंग्रज साहेबांच्या काळातली सागवानी तुळई आहे. शंभर वर्षं काही होत नाही तिला."

देवाजीने वर पाहिलं. तुळईला छान काळं पॉलिश होतं. त्याने मान खाली केली आणि तुकडा मशीनवर ठेवला. दुसऱ्याच्या लाकडाबद्दल त्याला कोणी विचारलं नव्हतं.

सहा फुटांवरून घण सोडला. लाकूड तसंच. सात, आठ, नऊ. प्रत्येक वेळी बोकारे सर म्हणत, "आता तुटेल," आणि घण आदळला की देवाजीच्या तोंडून "वा!" निघून जाई. मग त्याला आठवे की तुटायला हवं आहे, आणि तो घसा खाकरून म्हणे, "अरेरे." दहा फुटांवर घण इतका उसळला की लहानू दारात जाऊन उभा राहिला.

"देवाजीभाऊ, तुमी नक्की कोणाच्या बाजूनं हाय?" तिथून त्याने विचारलं.

"मले नको विचारू," देवाजी म्हणाला. "मलेच नाही समजून राहिलं."

अकरा फुटांसाठी दोर पुरेना. लहानूने त्याला दुसरा दोर जोडला आणि मधे चांगली मोठी गाठ मारली. ती सुटू नये म्हणून तिच्यावर आणखी एक मारली. घण वर गेला. सर म्हणाले, "सोड!" लहानूने दारातूनच दोर सोडला. घण सुसाट खाली आला, आणि लाकडाच्या वर हातभर अंतरावर आला असताना गाठ कप्पीत अडकली.

घण हवेतच थांबला. पण इतक्या उंचीवरून आलेला दणका कुठेतरी जाणार होताच. तो दोरातून कप्पीत गेला आणि कप्पीतून तुळईत. वर कडाड असा आवाज झाला. सागवानी तुळई मधोमध फाटली. छपरावरचे तीस-चाळीस कवेलू एकामागून एक खाली आले. बोकारे सर टेबलाखाली गेले. लहानू दारातच होता, तो अंगणात गेला.

धूळ खाली बसली तेव्हा प्रयोगशाळेत चांगला उजेड झाला होता. कोणाला काही लागलं नव्हतं. देवाजी मशीनपाशी वाकून आपला तुकडा पाहत होता. तुकड्यावर एक कवेलू पडून फुटला होता. देवाजीने खापऱ्या झटकल्या आणि तुकडा हातात घेऊन उजेडात फिरवला.

"ठीक हाय," तो म्हणाला.

"कोण?" टेबलाखालून सरांनी विचारलं.

"धावडा."

मग स्टुलावर चढून त्याने फाटलेल्या तुळईत बोट घातलं. आतून मातीच निघाली. "वाळवी हाय साहेब. वरून पॉलिश, आतून वारूळ. आज ना उद्या पोरायच्या डोक्शावर आलीच असती. बरं झालं, सुट्टीत तुटली."

सर टेबलाखालून बाहेर आले, तुळईकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की जूनमध्ये नेमक्या त्याच जागी तीस मुलांची रांग उभी राहिली असती.  मग त्यांनी कागद घेतला, मागच्या पानावर बरंच काही लिहिलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, 'अकरा फूट.'

"सर, पण हे तर..." अंगणातून परत आलेला लहानू म्हणाला.

"आकडा पाहिजे ना त्यांना? आकडा खरा आहे. अकरा फुटांवर तुटलं. काय तुटलं ते मागच्या पानावर लिहिलंय. सगळं खरं लिहिलंय." सर जरा थांबले. "तुमचे ओव्हरसियर मागचं पान वाचतात का?"

पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. ऑफिसात या वेळी प्रेमिलाही बरोबर आली. सासऱ्याला एकट्याला पाठवण्यात जोखीम आहे हे तिला कळलं होतं.

बाबनरावांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! अकरा फूट! याले म्हणते रिपोर्ट. पाच फुटांची मशीन आन् अकरा फुटांवर तुटलं!" त्यांनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला.  शिक्का कागदाच्या दोन बोटं वर आला.

"नाही तुटलं," देवाजी म्हणाला.

शिक्का थांबला.

"मामाजी!" प्रेमिलाने त्याचा सदरा मागून ओढला.

"काय नाही तुटलं?" बाबनरावांनी विचारलं.

"लाकूड. माझं नाही तुटलं. तुमी आता म्हटलं ना, अकरा फुटांवर तुटलं? ते माझं नव्हतं. मागचं पान वाचा साहेब."

बाबनरावांनी कागद उलटला. वाचता वाचता शिक्का त्यांच्या हातातून टेबलावर ठेवला गेला. "छत पडलं? तपासणीत कॉलेजचं छत पडलं?"

"कवेलू पडले. छत नाही."

"मी तुमाले तपासणी कराले सांगितली होती, देवाजी! कॉलेज पाडाले नव्हतं सांगितलं!" त्यांनी रुमालाने मान पुसली. "या कागदावर मी सही केली, आन् उद्या कोणी विचारलं का बाबनराव, हे काय हाय, तर मी काय सांगू?"

प्रेमिला तरातरा बाहेर आली. सायकलपाशी पोचल्यावर म्हणाली, "दोन बोटं राहिली होती, मामाजी. दोन बोटं. तोंड काहून उघडलं?"

"राहावलं नाही वं."

"आता बाया कुठं बसतीन?"

 देवाजीने सायकलचं हँडल पुसलं, मग सीट पुसली. मान खाली होती. प्रेमिलाने त्याच्याकडे पाहिलं. सात महिने हा माणूस रात्री हाताला हळद-तेल लावून झोपला होता, हे तिने पाहिलं होतं. ती वळली आणि एकटीच परत आत गेली.

"साहेब, तुमाले भीती नेमकी कायची हाय?"

"सांगितलं ना. चाळीस बाया एकदम उठल्या तर?"

"मंग उठवूनच पाहा ना."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी चाळीस बाया वर नेते मी. तुमी म्हणसान तशा उठवा, बसवा, नाचवा. मशीन कायले पाहिजे?"

बाबनराव घाबरून म्हणाले, "आन् पडली तर?"

"पडली तर आमी पडू. पडणाऱ्या तयार हायेत, तर पाहणाऱ्यानं कायले भ्यावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भवनासमोर मेळा भरला. बोकारे सर वही आणि सुतळी घेऊन आले. त्यांनी गॅलरीच्या मधोमध सुतळीला दगड बांधून खाली सोडला, म्हणजे गॅलरी किती वाकते ते मोजता येईल. लहानू आला तो आधी वर कुठे कप्पी आहे का ते पाहून आत आला. बाबनरावांनी जिन्याचं कुलूप उघडलं आणि लगेच दाराबाहेर जाऊन उभे राहिले. महिला मंडळाच्या अध्यक्षीण जिजाबाई, वय सत्तर, सगळ्यांत पुढे पदर खोचून वर चढल्या. त्यांच्यामागे एकोणचाळीस जणी.

देवाजी गॅलरीच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला.

"तुमी कायले तिथं?" बाबनराव दारातून ओरडले. "बाजूले व्हा!"

"मी इथंच ठीक हाय, साहेब. तुमी चालू करा."

बोकारे सरांनी वहीवरून वर पाहिलं. मग चष्मा सारखा केला आणि सुतळीच्या निमित्ताने तेही देवाजीजवळ येऊन उभे राहिले.

"साहेब," वरून जिजाबाईंनी विचारलं, "पाय आपटू का उडी मारू?"

बाबनराव गोंधळले. नियमात याबद्दल काही नव्हतं. "आधी... आधी एकदम उठा."

बाया एकदम उठल्या. काही झालं नाही.

"एकदम बसा."

एकदम बसल्या. दगड जरासा हलला.

"आता उडी. तीन म्हटलं का. एक... दोन..." बाबनरावांनी डोळे मिटून घेतले. "तीन!"

चाळीस बाया एकदम उडाल्या आणि एकदम खाली आल्या. भवनाच्या भिंती घुमल्या. देवाजीच्या डोक्यावर चिमूटभर लाकडाचा भुसा पडला, एवढंच. तो हलला नाही. सरांनी वाकून दगड पाहिला आणि ओरडले, "पाव इंच! पाव इंच खाली आला आणि परत जागेवर! जिथे होता तिथे!"

बाबनरावांनी एक डोळा उघडला. "झालं?"

झालं नव्हतं. यातल्या बऱ्याच जणींनी लग्न झाल्यापासून उडी मारलेली नव्हती. पहिल्या उडीला लाज होती, ती आता गेली होती. कोणीतरी खुदकन हसलं आणि दुसरी उडी कोणी न सांगता झाली. मग तिसरी. मग जिजाबाईंनी टाळी धरली आणि टाळीवर चाळीस जणींचे ऐंशी पाय पडू लागले. बाहेरच्या बायाही जिन्याकडे धावल्या.

"पुरे! पुरे झालं!" बाबनराव दारातून ओरडले. कोणाला ऐकू गेलं नाही. "अवो, थांबा ना बाई!" ते दोन पावलं आत आले. मग आणखी चार. हात हलवत, ओरडत ते भवनाच्या मधोमध आले. "पास हाय! पास केली मी! आता तरी थांबा!"

"अजून एक बारी, साहेब," वरून जिजाबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "मागच्या रांगेतल्यायची नीट नाही झाली."

बाबनरावांनी लहानूच्या पाठीवर कागद ठेवला, शिक्का मारला, सही केली, आणि ज्या रकान्यासाठी सगळं झालं त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'तुटत नाही.' ओळ पुरी झाल्यावर त्यांनी वर पाहिलं, आणि आपण कुठे उभे आहोत ते त्यांना कळलं. ते गॅलरीच्या बरोबर खाली उभे होते. वर चाळीसच्या साठ बाया झाल्या होत्या. ते पळाले नाहीत. देवाजीकडे वळून म्हणाले, "धावडा म्हणता का?"

"धावडा, साहेब."

"माझ्या घराचा माळा साग हाय," बाबनराव विचारात पडून म्हणाले. "एकदा येऊन पाहता का?"

पौर्णिमेला संध्याकाळी पाचलाच गॅलरी भरली. खाली अजून पुरुष यायचे होते. देवाजी धुतलेला पांढरा सदरा घालून आला. कार्यक्रम सुरू व्हायच्या आत एकदा वर जावं, दोन मिनिटं बसावं आणि वरून भाषण पुरं ऐकू येतं का ते पाहावं, असं त्याच्या मनात होतं. तो जिना चढला. शेवटच्या पायरीवर जिजाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी पाय आडवा केला.

"पुरुषाले मनाई हाय, देवाजीभाऊ."

"मी? मी बनवली ना वं बाई ही!"

"तरी मनाई हाय. मंडळाचा ठराव हाय." त्यांनी मांडीवरची वही उघडली आणि बोट ठेवून वाचलं. "'गॅलरी जेव्हा होईल तेव्हा तिथे पुरुषांस प्रवेश नाही, मग तो कोणीही असो.' तारीख पाहा, तीन वर्षांखालची. मांडणार भीमाबाई."

देवाजी वहीकडे पाहत राहिला. त्याला वाचता येत होतं, पण अक्षरं स्थिर राहीनात.

"मी तिले म्हटलं होतं," जिजाबाई म्हणाल्या, "का बनवणाऱ्याले तरी येऊ दे वं. तर म्हणे, 'त्यायलेच पहिले अडवजा. ते वर आले का फळ्या ठोकून पाहात बसतीन, आन् कोणाले भाषण ऐकू देणार नाहीत.'"

मागच्या बाया हसल्या. देवाजीचं एक बोट कठड्यावर ठोकायला वाकलेलंच होतं. त्याने ते हळूच सरळ केलं.

"बरोबर बोलली," तो म्हणाला, आणि खाली उतरला.

खाली लहानूने त्याला पहिल्या रांगेत जागा धरून ठेवली होती. कार्यक्रम सुरू झाला. भाषण करणारा समोर होता, पण देवाजी मान वर करून मागे गॅलरीकडेच पाहत होता. वर एकही बाई उभी नव्हती.

"समोर पाहा ना गा," लहानू कुजबुजला. "असे किती वेळ पाहसान? मान दुखन."

"दुखू दे," देवाजी म्हणाला.